साइडपट्टीवर कुणी उतरायचं

माझ्या चुलतभावाचं सगळं चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मग मला त्याच्यावर मोकळेपणानं जळता येईल. ऊस चांगला, गाई चांगल्या, पोरगा चांगला, आणि ह्या वयात डोक्यावरचे केस काळेभोर. कलप लावत नाही. मी न्हाव्याला बाजूला घेऊन विचारलंय. आम्ही दोघं एकाच पावसाळ्यातले. तो आधी आला, मी मागून, आणि हे मागून येणं काही माझं सुटलं नाही. लहानपणी गालगुंड झालं तेसुद्धा आधी त्याला. अख्खी वस्ती बघायला गेली. कुणी मोसंब्या नेल्या, कुणी हळदीचा लेप लावून दिला. मला झालं तेव्हा लोक आमच्या दारावरनं जाता जाता म्हणाले, "आता ह्याला बी झालं का!" आणि पुढं गेले.

आमची वस्ती बारामती-इंदापूर रस्त्यापासून आत आहे. काटेवाडी मागं टाकली की पुढं एक डांबरी फाटा लागतो, तो आमचा. हा आतला रस्ता एका वेळेला एकच गाडी जाईल एवढाच रुंद. समोरनं दुसरी आली की कुणीतरी डांबर सोडायचं आणि साइडपट्टीवर उतरायचं. डांबराच्या दोन्ही कडांना मुरूम टाकून दाबलेली पट्टी असते ना, ती साइडपट्टी. शहरातल्या माणसाच्या ती नजरेलासुद्धा पडत नाही. आमच्याकडं मात्र कुणाची पत किती, ते तिच्यावरनं कळतं.

कुणी उतरायचं ह्याचे नियम कुठं लिहून ठेवलेले नाहीत, पण शेंबड्या पोराला विचारा, घडाघडा सांगेल. मोटरसायकलवाल्यानं सगळ्यांसाठी उतरायचं. मोकळ्या गाडीनं भरल्या गाडीसाठी उतरायचं. उसाच्या ट्रॅक्टरपुढं तर खुद्द कलेक्टर आला तरी त्यानं उतरायचं, कारण दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर मागं येत नाही आणि बाजूलाही होत नाही, त्याला फक्त पुढं जाणं ठाऊक. दुधाच्या टेम्पोला डांबर द्यायचं, दूध थांबत नसतं. नवरानवरीच्या गाडीला डांबर, मयताच्या गाडीला डांबर. आणि गाडीत दोन जिवांची बाई असली तर समोरचा कितीही मोठा असो, त्यानं उतरायचं. साइडपट्टीवर चाक उतरताना जो हिसका बसतो तो तिला बसू द्यायचा नाही. हा शेवटचा नियम आमच्या वस्तीवर कुणी मोडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि दोघं बरोबरीचे असले तर? तर अर्धं तू, अर्धं मी. दोघांनी डावीकडची चाकं खाली घ्यायची, उजवीकडची डांबरावर ठेवायची, आरसे मिटायचे, हात वर करून रामराम करायचा आणि निघायचं. ह्यात कुणालाच कमीपणा नाही. पण बरोबरीचे म्हणजे कोण कोण, खरी गोम इथं आहे.

माझी लेक लग्नाआधी बारामतीला गाडी चालवायला शिकत होती. लायसन्सच्या परीक्षेसाठी ती चुलीपुढं बसून पाठांतर करायची. साइडपट्टीवरनं ओव्हरटेक करायचं नाही. गाडी बंद पडली, टायर बसला, तर तिथं उभी करायची आणि चारी इंडिकेटर लावायचे. ॲम्ब्युलन्सला वाट द्यायला खाली उतरायचं. परत डांबरावर चढताना आधी आरशात बघायचं, मागं कुणी नसलं तरच चढायचं. एवढं सगळं ऐकून मी तिला विचारलं, "आणि चुलतभाऊ समोरनं आला तर?"

"ते पुस्तकात न्हाय, आण्णा."

"मग अर्धवट हाय तुझं पुस्तक."

ती खो खो हसली. म्हणाली, "तुमच्या दोघांसाठी सरकारनं येगळं पुस्तक काढाय पायजे." मग आईला हाक मारून तिलाही हे सांगितलं आणि दोघी हसल्या. मी नाही हसलो.

आधी आम्हा दोघांच्याही गाड्या सारख्याच खटारा होत्या, तेव्हा अर्धं तू, अर्धं मी हे नीट चालायचं. मग त्यानं ती पांढरी, उंच गाडी आणली. पूजेला बोलावलं. गेलो. नारळ फोडला, पेढा खाल्ला. पेढाही चांगला होता, च्यायला. घरी येऊन मी माझ्या गाडीकडं बघितलं. सेकंडहँड घेतलेली, मागचं एक दार आतनं उघडत नाही, हॉर्न मात्र खणखणीत. अंगाचा नुसता तिळपापड झाला. बायको म्हणाली, "अहो, गाडी चालतीया न्हवं? मग?" बायकोला ह्या गोष्टी कळत नाहीत.

त्या दिवसापासून आमच्या बंधुराजांची चाकं मुरमाला लागेनात. समोर आलो की हा आपला डांबराच्या मधोमध उभा, हात छातीवर बांधून. नवीन गाडीला खडे उडतील म्हणून असेल, कुणास ठाऊक. मला ते तसं दिसलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की आता हा मला बरोबरीचा मानत नाही. मग मीही उतरायचा बंद झालो. मोडेन पण वाकणार नाही. एकदा सकाळी आम्ही दोघं असे नाकासमोर नाक लावून उभे राहिलो, ते माझ्या मागं दुधाचा टेम्पो, त्याच्या मागं शाळेची गाडी अशी रांग लागली तरी हललो नाही. शाळेची पोरं खाली उतरून आमच्या मधनं चालत गेली. वस्तीवरनं कुणा खवचटानं दोघांना चहा आणून दिला. तोही आम्ही आपापल्या गाडीत बसून प्यालो, एकमेकांकडं न बघता. शेवटी टेम्पोवाल्यानं आमचं सगळं खानदान काढलं आणि दोघांना अर्धं अर्धं उतरायला लावलं. पण त्यातही आधी भावाचं चाक उतरलं की माझं, ह्यावरनं नंतर पंधरा दिवस वस्तीवर वाद चालला.

आता साइडपट्टीचं काय झालं ते सांगतो. रस्त्याच्या एका अंगाला त्याचं रान, दुसऱ्या अंगाला माझं. आजोबांच्या काळात सगळं एकच होतं, वाटणी झाली तेव्हा रस्ताच बांध झाला. वस्तीवरनं बाहेर पडताना माझ्या डाव्या हाताला माझा ऊस, आणि तो बाहेरनं घरी येताना त्याच्या डाव्या हाताला त्याचा. म्हणजे ज्याला जिथं उतरायचं ती साइडपट्टी त्याच्याच रानाला लागून. एका वर्षी लागणीच्या वेळी त्यानं रानाच्या कडेला एक सरी जास्त ओढली. साइडपट्टीतनं. जागा सरकारी, पण सरकार काय रोज बघायला येतं? मी बघितलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. त्याला एक सरी जास्त आणि मला का नाही? मी दोन ओढल्या. पुढच्या लागणीला तो पार डांबराला येऊन भिडला. मग मी माझी पाण्याची चारीच उचलून डांबराच्या कडेला नेली, चांगली खोल, म्हणजे आतली जागा उसाला मोकळी. वस्तीवरचे लोक बोंबलायचे, "अरे, आमी मोटरसायकली कुठं घालायच्या?" आम्ही दोघंही एकच सांगायचो, "आधी त्याला सांगा." त्यात रस्त्यावर पुन्हा डांबराचा थर पडला आणि रस्ता आणखी उंच झाला. एका बाजूला त्याच्या उसाची पानं गाडीला घासायची, दुसऱ्या बाजूला माझी चारी. मधे डांबर. गाड्या समोरासमोर आल्या की एकानं मागं जायचं, नाहीतर उसात घुसायचं. साइडपट्टी आम्ही दोघांनी मिळून गट्टम केली होती, आणि त्यातही जास्त कुणी खाल्ली ह्याचा हिशोब माझ्या मनात पक्का होता.

बायको एकदा गाडीतनं उतरायला गेली तर चारीच्या काठावर तोल जाऊन माझ्या खांद्याला लटकली. म्हणाली, "पाय कुठं ठेवायचा माणसानं?" मी म्हणालो, "त्याच्या बाजूनं उतरायचं."

लेकीचं सासर इंदापूरचं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आम्ही तिला आणायला गेलो. आता खरं सांगू का? पोरगी येणार ह्याचा आनंद होताच, बापाला तो नसेल तर कुणाला असेल? पण त्या आनंदाच्या पोटात आणखी एक आनंद होता. दोन जिवांची बाई आता माझ्या गाडीत बसणार. म्हणजे आता समोरनं तो आला की त्याला उतरावंच लागणार. न बोलता, न मागता. नियमच आहे. त्या पांढऱ्या गाडीचं चाक डांबराखाली जाताना मला बघायचं होतं, बस्स. बाकी त्याचं सगळं त्याला लखलाभ.

इंदापूरहून येताना फाट्यावर वळलो आणि मुद्दाम हळू चालवली. नाही आला. मग दर तपासणीला बारामतीला जाताना मी त्याच्या यायच्या सुमाराला निघायला लागलो. बायकोला वाटायचं, मी किती काळजी करतो, वेळेच्या आधीच गाडी काढून बसतो. एकदा समोर आला, पण मोटरसायकलवर. गुपचूप उसात शिरून उभा राहिला आणि लेकीला म्हणाला, "सावकाश जावा गं." ते मी धरलं नाही. मोटरसायकलवाला उतरतोच.

त्यात लेकीला डोहाळे लागले ते चिंचांचे, आणि चिंचा पाहिजेत त्या काकाच्या बांधावरच्या. अगं, आपल्याही दारात चिंच आहे की! तर म्हणते, "आपली किडकी असती, आण्णा." तो आपला पिशवी भरभरून पाठवायचा. कधी स्वतः घेऊन यायचा, ओट्यावर बसून तिच्याशी गप्पा मारायचा. मी गोठ्यात जाऊन बसायचो. एवढं हसू माझ्याशी बोलताना तिला येत नसे.

मग तो दिवस आला, आणि तोही दिवस भरायच्या आधीच. सकाळी धारा काढून झाल्या होत्या. आतनं बायकोची हाक आली, तिचा सूर ऐकूनच चरवी तिथंच ठेवली. लेकीच्या कपाळावर घाम, ओठ पांढरे पडलेले. दवाखान्यात फोन लावला. तिथली बाई म्हणाली, "असेल तशी घेऊन निघा." गोधडी टाकून लेकीला मागच्या सीटवर निजवलं, बायकोनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि आम्ही निघालो. वस्तीच्या तोंडाशी उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर भरून निघायच्या बेतात होता. ड्रायव्हरला हात केला. त्या भल्या माणसानं मला पुढं जाऊ दिलं आणि माझ्या मागं लागला.

रस्ता वळतो तिथं दोन्हीकडं ऊस डोक्याच्या वर गेलेला. वळलो, तर समोर ती पांढरी गाडी.

दोघांनी ब्रेक मारले. माझ्या मागं ट्रॅक्टरही थांबला, त्याच्या टेपवर गाणं चालूच. म्हणजे मला मागं जायची सोय नव्हती. डावीकडं माझी चारी, तिथं चाक घातलं असतं तर गाडी कलंडलीच असती. तो मागं गेला असता तर पार मेन रोडपर्यंत, आणि रिव्हर्स घ्यायला आमचे बंधुराज किती वेळ खातात ते सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. ऊन माझ्या काचेवर पडलं होतं. त्याला आत मी एकटाच दिसत असणार, तोही धड नाही.

मी हॉर्न दिला. त्यानं लाइट मारला. मी पुन्हा हॉर्न दिला, लांब. त्यानं इंजिन बंद केलं आणि हात छातीवर बांधले. नेहमीसारखे.

काच खाली करून एक वाक्य ओरडायचं होतं. पोरगी आत आहे. संपलं. माझा हात काचेच्या हँडलवर गेलाही होता. पण मग ते सांगितल्यावर उतरणं झालं असतं. विनवणी झाली असती. इतके महिने मी ह्याची वाट बघितली ती काय त्याच्याकडं पदर पसरायला? त्यानं ओळखायला पाहिजे होतं. ह्या वेळेला, असा हॉर्न देतोय म्हणजे काहीतरी असेल, एवढं सख्ख्यासारख्या भावाला कळू नये? मी हॉर्नवरनं हात काढेना.

"आण्णा," मागनं लेक म्हणाली, दातात ओठ धरून, "काकांस्नी सांगा की."

"त्याला कळतंय का न्हाय ते बघू," मी म्हणालो.

हे मी मोठ्यानं म्हणालो. लेक मागं कळा देत होती आणि मी हे म्हणालो. आरशात बायकोची नजर माझ्यावर आली. आमच्या एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. तिनं लेकीचं डोकं गोधडीवर टेकवलं आणि आतनं न उघडणारं ते दार काचेतनं हात बाहेर घालून उघडलं. बाहेर पाय ठेवला तो थेट चारीत, गुडघ्याएवढ्या चिखलात. गाडीला धरून धरून ती पुढं गेली.

ती माझ्या ह्या भावाशी समोरासमोर कधी बोललेली नाही. तो माझ्याहून थोरला, म्हणजे तिचा मोठा दीर. त्याच्यापुढं ती डोक्यावर पदर घेते आणि बोलायचंच झालं तर दाराच्या चौकटीकडं बघून बोलते. त्या दिवशी पदर खांद्यावरच राहिला. तिनं सरळ त्याच्या काचेवर थापा मारल्या.

काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, ट्रॅक्टरवरचं गाणं चालू होतं. त्याचं तोंड मात्र मला दिसलं. त्यानं तिला हातानं बाजूला हो म्हणून सांगितलं, गाडी चालू केली आणि स्टेअरिंग फिरवलं. मागं नाही. डावीकडं. गाडीचं नाक धाडकन डांबरावरनं खाली गेलं आणि ती सबंध उंच गाडी त्याच्याच उसात घुसली. त्यातही तो ऊस बेण्याचा, म्हणजे पुढच्या लागणीला राखलेला. इंदापुराकडचे, वालचंदनगरकडचे लोक मुद्दाम बघायला यायचे असा ठेवलेला. कडाकडा मोडत आत गेली. एक आरसा तुटून रस्त्यावर पडला. पुढची चाकं सरीत रुतली, गाडी एका अंगावर तिरकी झाली, तरी तो ॲक्सिलेटर दाबतच होता, मागचा भाग डांबरावर राहू नये म्हणून. रस्ता मोकळा झाला.

बायको धावत येऊन मागं बसली. मी पुढं घेतली. त्याच्या शेजारनं जाताना तो तिरक्या गाडीच्या खिडकीला लटकून ओरडत होता, "हाण! हाण गाडी! माझ्याकडं काय बघतो!"

मी हाणली. मेन रोडला लागल्यावर उसाच्या गाड्यांची ही रांग, कारखान्याचा हंगाम भरात होता. मी लाइट लावले, चारी इंडिकेटर लावले, हॉर्नवर हात ठेवला आणि साइडपट्टीवरनं निघालो. तिथं ती शाबूत होती, तिच्यावर कुणी ऊस लावला नव्हता. लोक बाजूला झाले. एका मोटरसायकलवाल्यानं तर पुढं राहून वाट करून दिली. काटेवाडीपाशी पुन्हा डांबरावर चढताना मागनं लेकीचा आवाज आला, "आण्णा, आरशात बघा." कळा चालू असताना! मी आरशात बघितलं. बायको रडत होती आणि हसतही होती.

नात झाली. दवाखान्यात पोचलो आणि थोड्याच वेळात झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून जरा उशीर झाला असता तर अवघड होतं. दोघीही सुखरूप. मला आत सोडलं तेव्हा लेकीनं डोळे उघडले. मी म्हटलं, आता ही काहीतरी म्हणेल. म्हणाली, "काकांची गाडी निघाली का हो उसातनं?"

मी म्हणालो, "निघंल. तू पड."

तो दुपारी आला, कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून. गाडी अजून उसातच होती. शर्टाला उसाची बारीक, टोचरी कुसं, हातावर आणि गळ्याला पानांनी कापलेलं. तोवर इंदापूरहून व्याही आले होते, त्यांना बायकोनं सगळं सांगितलेलं. व्याह्यांनी त्याला मिठीच मारली. विहीणबाई पाया पडल्या. जावई हात सोडेना. बायकोनं थर्मासमधला चहा आधी त्याला दिला. गाडी चालवत कोण घेऊन आलं, ते कुणाच्या ध्यानातसुद्धा नव्हतं. नातीला बाहेर आणलं तेव्हा नर्स म्हणाली, "आजोबा कोण?" आणि सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. तो पटकन माझ्याकडं बोट करून म्हणाला, "हे, हे. मी चुलत." हेही त्यालाच सुचलं.

मला त्याला उतरवायचं होतं, आणि तो उतरला. एका चाकानं नाही, चारी चाकांनी उतरला. त्याचा मला काडीचा आनंद झाला नाही. मी वर राहिलो होतो, डांबरावर, आणि मला कुत्रंही विचारत नव्हतं.

सगळे आत गेल्यावर आम्ही दोघंच बाहेर बाकड्यावर बसलो. किती वर्षांनी असे शेजारी शेजारी बसलो असू, देव जाणे. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी विचारलं, "गाडीला लई लागलं का?"

"लागलं असंल. बघितलं न्हाय अजून."

"आणि ऊस?"

"ऊस काय, फुटतोय परत."

मग मी म्हणालो, "माझ्या बाजूला चारी होती. मला उतरताच येत नव्हतं."

"मला दिसत न्हाय व्हय?" तो म्हणाला. "पर हाक मारायची की रं. मला वाटलं, आपलं रोजचंच चाललंय. एवढी चिखलातनं आली ती बाई."

तो हातावरचं एक कूस नखानं काढत होता. ते निघेना, पण त्याचं सगळं लक्ष तिथंच. तसंच मान खाली घालून तो सहज बोलून गेला, "माझी सून असती आत, तर तू बी अशीच घातली असतीस की उसात."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी नीट ऐकलं, टोमणा शोधायची मला सवय आहे. त्याला ते खरंच वाटत होतं, सकाळी ऊन पडतं हे जसं वाटतं तसं.

"व्हय," मी म्हणालो.

त्याच्या उसावर मी जळलोय, गाईंवर जळलोय, त्या गाडीवर तर किती जळलो ते वर सांगितलंच. पण त्या बाकड्यावर जेवढा जळलो तेवढा आजवर कधी जळलो नाही. त्याच्या जागी मी असतो तर स्टेअरिंग फिरवलं असतं की हात बांधून बसलो असतो, हे मला अजूनही ठाऊक नाही. त्याला ते ठाऊक होतं, माझ्याबद्दल, आणि तो निवांत कूस काढत बसला होता.